हेमिंग्जांचं घर: अमेरिकी शिरगणतीच्या कागदांतून एका कुटुंबाचा माग



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्यांनी घराण्यांची दफ्तरं वाचण्यात हयात घालवली. कागदावर काय लिहिलंय ते नंतर पाहा, आधी तो कोणी आणि कशासाठी लिहिला ते विचारा, हा त्यांचा पाठ. तोच प्रश्न घेऊन मी आज आपल्याला बऱ्याच लांबच्या दफ्तरात नेणार आहे. हे दफ्तर म्हणजे अमेरिकेच्या सुरुवातीच्या शिरगणत्यांचे तक्ते. त्यांतूनही मी एकच कुटुंब निवडलं आहे, कधी दिसणारं आणि बऱ्याचदा न दिसणारं.

हे कुटुंब हेमिंग्जांचं. व्हर्जिनिया राज्यातल्या आल्बमार्ल काउंटीत, मॉन्टिसेलो नावाच्या टेकडीवरच्या मळ्यात ते गुलाम म्हणून राहत होतं. आई सॅली हेमिंग्ज, जन्म १७७३. तिची मोठी झालेली चार मुलं: बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि ईस्टन. मळ्याचा मालक टॉमस जेफरसन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि देशाचा तिसरा राष्ट्राध्यक्ष. सॅलीच्या मुलांचा बाप तोच, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. दीडशे वर्षं हे नाकारलं गेलं. कशाच्या बळावर नाकारलं आणि कशामुळे मान्य करावं लागलं, ते ओघात येईल.

सॅली जेफरसनच्या घरात परकी नव्हती. तिचा बाप जॉन वेल्स हा जेफरसनचा सासरा. म्हणजे जेफरसनच्या दिवंगत पत्नीची, मार्थाची, ती सावत्र बहीण. पण आई गुलाम असल्यामुळे तीही गुलाम. व्हर्जिनियाच्या कायद्यात मूल आईची स्थिती घेऊन जन्माला येई. बाप कोण, याला त्या हिशेबात किंमत नव्हती. पुढे शिरगणतीचे कागद वाचताना हा नियम मनाशी पक्का धरावा लागतो.

आता शिरगणती. दर दहा वर्षांनी माणसं मोजण्याचं बंधन अमेरिकेनं राज्यघटनेतच घालून घेतलं. प्रतिनिधिगृहात कोणत्या राज्याला किती जागा हे त्या मोजणीवरून ठरायचं होतं. मुक्त माणूस एक म्हणून धरायचा आणि 'इतर सर्व व्यक्तीं'ची संख्या तीन पंचमांशानं. गुलाम हा शब्द घटनेनं टाळला, पण 'इतर' कोण याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता. गुलामाला मत नाही, हक्क नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जागा मात्र जास्त मिळणार. तक्त्यात गुलामांचा रकाना आला तो यासाठी. माणसांची दखल घ्यावी हा त्यामागचा हेतू नव्हता.

पहिली गणती १७९० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. न्यायालयीन जिल्ह्यांचे मार्शल आणि त्यांचे मदतनीस घरोघर गेले. छापील तक्ते नव्हते. मदतनिसानं आपल्याच कागदावर रेघा आखायच्या आणि काम झालं की यादीची प्रत वस्तीतल्या दोन वर्दळीच्या ठिकाणी लावायची, म्हणजे लोक चुका दाखवतील. रकाने सहाच. कुटुंबप्रमुखाचं नाव, सोळा आणि त्यावरील वयाचे गोरे पुरुष, सोळाच्या आतले गोरे मुलगे, गोऱ्या स्त्रिया, इतर मुक्त व्यक्ती, आणि गुलाम. स्त्रियांचं वयसुद्धा विचारलं नाही, कारण हत्यार कोण धरू शकतो, एवढंच सरकारला हवं होतं. एकूण बेरीज साधारण ३९ लाख २९ हजार भरली. त्यात व्हर्जिनियाचे ७,४७,६१० लोक आणि त्यांपैकी २,९२,६२७ गुलाम.

त्या वेळी परराष्ट्रमंत्री होता टॉमस जेफरसन. गणतीचे आकडे त्याच्याच खात्यातून बाहेर पडले. मोजणी कमी भरली आहे असं त्याचं मत होतं. युरोपातल्या आपल्या वकिलांना त्यानं आकडे पाठवले तेव्हा हाती आलेले आकडे काळ्या शाईत आणि राहिलेल्या भागांचे अंदाज तांबड्या शाईत लिहून पाठवले. आकड्यांच्या बाबतीत तो इतका काटेकोर होता. व्हर्जिनियाचे १७९० चे तक्ते आज उपलब्ध नाहीत आणि १८०० चेही दोन काउंट्या सोडल्या तर गेले. पण ते मिळाले असते तरी सॅली त्यांत सापडली नसती. जेफरसन या नावापुढे उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात जो आकडा असता, त्यातला एक ती असती, बस. १८१० च्या तक्त्यातही गुलामांचा एकच एकत्रित आकडा आहे. १८२० मध्ये त्यांना पहिल्यांदा लिंग आणि वयाचे चार गट मिळाले: चौदाच्या आत, चौदा ते सव्वीस, सव्वीस ते पंचेचाळीस, पुढचे. नाव तेव्हाही नाहीच.

जे अमेरिकी लोक आपल्या पूर्वजांचा शोध घेतात, त्यांना या काळातल्या तक्त्यांशी झगडावंच लागतं, मग पूर्वज गोरे असोत की काळे. १८४० पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको, मुलं, म्हातारी आई, कामावरचा पोऱ्या, सगळे वयाच्या रकान्यांतले आकडे. पंचवीस वर्षांची स्त्री दिसली की ती प्रमुखाची बायकोच, असं नवखा संशोधक धरून चालतो. ती बहीण असू शकते, विधवा भावजय असू शकते, भाडेकरू असू शकते. १८२० च्या तक्त्यात तर सोळा ते अठरा वयाच्या गोऱ्या पुरुषांचा रकाना वेगळा आहे आणि लगेच शेजारी सोळा ते सव्वीसचा. सतरा वर्षांचा मुलगा दोन्हीकडे मोजला जातो. हे ठाऊक नसलेला माणूस बेरीज मारतो आणि कुटुंबात नसलेला एक मुलगा पैदा करतो, मग वर्षानुवर्षं त्याला शोधत बसतो. काही प्रगणकांनी यादीची स्वच्छ प्रत करताना नावं आद्याक्षरांप्रमाणे लावून टाकली. दिसायला सोय झाली, पण कोणाच्या शेजारी कोण राहत होतं हे पुसलं गेलं. आणि शेजार हाच अशा शोधाचा सगळ्यात भरवशाचा धागा असतो, कारण मुली बहुधा शेजारच्याच घरांत दिल्या जात आणि स्थलांतरही चार घरं मिळून होई.

गोऱ्या कुटुंबाचा माग असा अवघड असतो. गुलाम कुटुंबाचा माग शिरगणतीतून लागतच नाही, कारण तक्त्यातलं 'घर' आणि माणसांचं कुटुंब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मॉन्टिसेलोचा लोहार जो फॉसेट याची कथा घ्या. जेफरसनच्या मृत्युपत्रानं त्याला मुक्त केलं, पण बायको एडिथ आणि मुलं मालमत्तेतच राहिली. जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारला तो डोक्यावर प्रचंड कर्ज ठेवून. पुढच्या जानेवारीत मळ्यावरच्या १३० माणसांचा लिलाव पुकारण्यात आला. एडिथ आणि मुलं वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेली. जो फॉसेटनं पुढची अनेक वर्षं ऐरणीवर घाम गाळून आपली माणसं एकेक करून सोडवली. १८३० च्या तक्त्यात या एका कुटुंबाला एक ओळ नाही. त्याची माणसं निरनिराळ्या मालकांच्या नावांखाली आकड्यांत विखुरलेली आहेत. तक्ता वाचणाऱ्याला ते कुटुंब आहे हे कळायचं कसं?

ते कळतं दुसऱ्या कागदांवरून. मॉन्टिसेलोच्या बाबतीत दैवानं एक कागद राखला: जेफरसनची स्वतःच्या हातची शेतवही. तीत गुलामांची नावं आहेत, जन्मसालं आहेत, कोणाला किती वार कापड, किती ब्लँकेट, किती पीठ दिलं याच्या याद्या आहेत. मुलं आईच्या नावाखाली ओळीनं मांडलेली आहेत. सरकारी तक्त्यात जो केवळ आकडा आहे, त्याची नावं या वहीत मिळतात. सॅलीच्या मुलांच्या नोंदी तिच्याच नावाखाली आहेत; बापाचं नाव नाही. १८२२ साली बेव्हर्ली आणि हॅरिएट यांच्या नावांपुढे जेफरसननं ती पळाल्याची खूण केली आहे. पण त्यांच्यामागे माणसं धाडली नाहीत, जाहिरात दिली नाही. मळ्याचा मुकादम एडमंड बेकन यानं म्हातारपणी सांगितलं की जेफरसनच्या सांगण्यावरून आपण हॅरिएटला फिलाडेल्फियापर्यंतचं गाडीभाडं आणि पन्नास डॉलर दिले. वहीत 'पळाली' आणि हातात पन्नास डॉलर! एकाच घटनेचे हे दोन कागद. यातला एकच ज्याच्या हाती लागेल त्यानं इतिहास लिहू नये.

मृत्युपत्रात जेफरसननं पाच जणांना मुक्त केलं. जो फॉसेट त्यांतला एक, मॅडिसन आणि ईस्टन हे आणखी दोघे. सॅलीचं नाव त्यात नव्हतं. तिला पुढे जेफरसनच्या मुलीनं, मार्था रँडॉल्फनं, कागदपत्र न करता मोकळं सोडलं. व्हर्जिनियाचा १८०६ पासूनचा कायदा असा की मुक्त झालेल्या गुलामानं बारा महिन्यांत राज्य सोडून जावं, नाही तर त्याला पुन्हा विकलं जावं. या पाच जणांना राहू द्यावं अशी विनंती जेफरसननं विधिमंडळाला मृत्युपत्रातच करून ठेवली होती. मोकळीक अशी अर्जाच्या आधारावर टिकलेली.

मॅडिसन आणि ईस्टन दोघेही सुतार. मामा जॉन हेमिंग्ज यांच्या हाताखाली शिकलेले. आईला घेऊन ते जवळच्या शार्लट्सव्हिल गावात राहू लागले. तिथं १८३० च्या शिरगणतीत हे घर येतं. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण हा तक्ता डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१८३० साली पहिल्यांदाच देशभर एकसारखे छापील तक्ते वापरले गेले. एका कुटुंबाची ओळ समोरासमोरच्या दोन पानांवर पसरते. डाव्या पानावर कुटुंबप्रमुखाचं नाव, मग गोऱ्या पुरुषांचे तेरा वयोगट, मग गोऱ्या स्त्रियांचे तेरा. पाचच्या आत, पाच ते दहा, दहा ते पंधरा अशी बारीक विभागणी. उजव्या पानावर गुलाम आणि मुक्त काळे लोक, दोघांनाही सहा-सहाच वयोगट: दहाच्या आत, दहा ते चोवीस, चोवीस ते छत्तीस, छत्तीस ते पंचावन्न, पंचावन्न ते शंभर, शंभरापुढे. डाव्या पानावरच्या माणसाचं वय पाच-दहा वर्षांच्या टप्प्यानं महत्त्वाचं, उजव्या पानावर पंचावन्न वर्षांची बाई आणि नव्वद वर्षांची बाई एकाच चौकोनात. प्रगणकाचं पेन डाव्या पानावर टेकतं की उजव्या, यावर माणसाची जात ठरते. मी 'जात' म्हणालो, आणि ते जाणूनबुजून म्हणालो.

सॅली हेमिंग्ज आणि तिचे दोन मुलगे त्या वर्षी डाव्या पानावर आहेत. गोरे म्हणून.

तीन वर्षांनी, १८३३ मध्ये, आल्बमार्ल काउंटीत आणखी एक यादी झाली. ती दहा वर्षांच्या क्रमातली नव्हती. १८३१ च्या ऑगस्टमध्ये साउदॅम्प्टन काउंटीत नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला होता. त्याच्या धसक्यानं व्हर्जिनियाच्या सत्ताधाऱ्यांना मुक्त काळे लोक राज्यातून घालवावेत असं वाटू लागलं, आणि त्यासाठी त्यांची मोजदाद सुरू झाली. या यादीत सॅली आहे, मुक्त 'म्युलॅटो' म्हणून, म्हणजे मिश्र वर्णाची. आणि १८२६ पासून शार्लट्सव्हिलमध्ये राहत असल्याचं तिनं सांगितल्याची नोंद आहे.

बाई तीच, गाव तेच. मग खरा कागद कोणता? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. व्हर्जिनियाच्या १७८५ च्या कायद्यानं ज्याच्या रक्तात चौथा हिस्सा किंवा अधिक काळा तो म्युलॅटो. सॅलीच्या आजी-आजोबांतली एकच काळी; म्हणजे ती बरोबर त्या रेषेवर. तिच्या मुलांत आठवा हिस्सा, म्हणून मुक्त झाल्याबरोबर ते कायद्यानं गोरे. या रक्ताच्या अपूर्णांकांचं गणित जेफरसननं स्वतः १८१५ सालच्या एका पत्रात मांडून दाखवलं आहे, अगदी बीजगणिताच्या अक्षरांत, आणि तिसऱ्या पिढीच्या संकरानंतर असा माणूस मुक्त झाला तर तो गोरा नागरिक होईल असा निष्कर्षही काढला आहे. ते लिहिताना त्याच्याच घरात अशी चार मुलं वावरत होती, धाकटा सहा वर्षांचा. तेव्हा १८३० चा प्रगणक चुकला म्हणणंही कठीण. शेजारपाजारची माहिती, घरातल्या लोकांचा चेहरा, कायद्याची वाक्यं, कोणी दार उघडलं आणि काय सांगितलं, हे सगळं मिळून त्याची रेघ डावीकडे पडली. १८३३ ला विचारणाऱ्याचा हेतू निराळा होता, आणि मला असं ठामपणे वाटतं की १८३० च्या नोंदीपेक्षा या दुसऱ्या नोंदीतच भीतीचा वाटा जास्त आहे. मुक्ततेचा कागद हाती नसलेल्या साठीच्या बाईनं, कायद्यानं जिला केव्हाही हद्दपार करता आलं असतं तिनं, आपण मुक्त आहोत हे सरकारी यादीत लिहवून घेणं हाच तिचा कागद होता. रंगाचा रकाना माणसाविषयी थोडं सांगतो. विचारणाऱ्याविषयी पुष्कळ सांगतो.

सॅली १८३५ मध्ये गेली. त्यानंतर भाऊ व्हर्जिनियात फार राहिले नाहीत. मॅडिसननं मेरी मॅकॉय नावाच्या मुक्त स्त्रीशी लग्न केलं होतं, ईस्टननं जूलिया अ‍ॅन आयझॅक्सशी. जूलियाचा बाप ज्यू व्यापारी आणि आई मुक्त मिश्रवर्णीय. दोघं भाऊ कुटुंबकबिल्यासह ओहायो राज्यात गेले, मॅडिसन पाइक काउंटीत, ईस्टन चिलिकोथी शहरात. ओहायोत गुलामगिरी नव्हती, पण काळ्या माणसाला वस्तीसाठी पाचशे डॉलरच्या जामिनाची अट घालणारे कायदे होते.

१८५० ची शिरगणती हा या दफ्तरातला मोठा सांधा. त्या वर्षापासून प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं, वय, धंदा, जन्मस्थान यांसह. बायकोला नाव आलं, तान्ह्या पोराला नाव आलं. गुलामांचीही नावं लिहावीत असा प्रस्ताव तेव्हा तयार झाला होता. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सभासदांनी तो हाणून पाडला. नावाऐवजी क्रमांक आला. म्हणून १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या तक्त्यांत मालकाचं नाव आहे आणि खाली ओळीनं: स्त्री, ३०, काळी, मुलगा, ८, म्युलॅटो. नाव लिहिणं महाग पडलं असतं म्हणून ते राहिलं असं नाही. नाव लिहिलं की किती मुलं विकली गेली, कोण कोणापासून तुटलं, हे दहा वर्षांच्या दोन तक्त्यांची तुलना करून कोणालाही सांगता आलं असतं. आज आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांचा शोध मागे जाता जाता १८७० पाशी अडतो, कारण गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो माणसांची नावं शिरगणतीत पहिल्यांदा तिथं येतात. अडवणूक १८५० च्या त्या ठरावात आहे. तो ठराव करणाऱ्यांना आपण काय पुसतोय हे नीट कळत होतं असं माझं मत आहे.

ईस्टन मुक्त असल्यामुळे १८५० मध्ये नावासकट सापडतो. चिलिकोथीत, म्युलॅटो म्हणून. त्या परिसरात तो नावाजलेला वादक होता. व्हायोलिन वाजवायचा, त्याच्या चमूला नाचाच्या मैफलींची बोलावणी यायची. दोन वर्षांनी तो सगळं आवरून विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात गेला आणि तिथं ईस्टन एच. जेफरसन झाला. हेमिंग्ज हे नाव मधल्या एका अक्षरात आटलं आणि बापाचं नाव आडनावाच्या जागी आलं. १८५६ मध्ये तो वारला. १८६० च्या तक्त्यात त्याची विधवा जूलिया जेफरसन आणि मुलं आहेत, गोरी म्हणून. ज्याच्या हाती १८५० चं पान आहे आणि जो पुढे हेमिंग्ज शोधतो, त्याच्या दृष्टीनं हे कुटुंब ओहायोत संपलं. ज्याच्या हाती विस्कॉन्सिनचं पान आहे, त्याच्या दृष्टीनं ते शून्यातून उगवलं.

ईस्टनचा थोरला मुलगा जॉन वेल्स जेफरसन. पणजोबाचं नाव जसंच्या तसं. यादवी युद्धात तो आठव्या विस्कॉन्सिन पलटणीचा कर्नल झाला. चिलिकोथीच्या त्याच्या जुन्या ओळखीच्या एका माणसाची आठवण १९०२ मध्ये तिथल्या वृत्तपत्रात आली: युद्धात गाठ पडली तेव्हा कर्नलनं त्याला विनवलं की माझ्या रक्ताची गोष्ट इथं कोणाला सांगू नकोस, माझ्या माणसांना शंका नाही. त्याच युद्धात त्याचा चुलतभाऊ, मॅडिसनचा मुलगा टॉमस ईस्टन हेमिंग्ज, शत्रूच्या कैद्यांच्या छावणीत मेला. दोन चुलतभाऊ, दोन वर्ण, एकच बाजू.

मॅडिसननं नावही बदललं नाही आणि वर्णही. ओहायोतच सुतारकाम करत त्यानं जमीन घेतली. १८७० मध्ये रॉस काउंटीत प्रगणक त्याच्या दारी आला. १८७० च्या तक्त्यात वीस रकाने आहेत. त्यांत बापाविषयी एकच विचारणा: तो परदेशात जन्मलेला होता का? असेल तर एक खूण. बापाचं नाव विचारणारा रकाना नाही. त्या प्रगणकानं मॅडिसनच्या नोंदीपाशी, कोणत्याच रकान्यात न बसणारं एक वाक्य लिहून ठेवलं: हा माणूस टॉमस जेफरसनचा मुलगा आहे. कोणी सांगितलं नव्हतं ते लिहायला. सरकारला ते नको होतं. मला विचाराल तर अमेरिकेच्या शिरगणतीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

तीन वर्षांनी, मार्च १८७३ मध्ये, पाइक काउंटीच्या वृत्तपत्रात मॅडिसनची सविस्तर आत्मकथा छापून आली. आई चौदा वर्षांची असताना जेफरसनच्या मुलीसोबत पॅरिसला गेली, फ्रान्सच्या भूमीवर ती मुक्त होऊ शकत होती, परत येण्याआधी आपल्या मुलांना एकविसाव्या वर्षी मोकळं करण्याचं वचन तिनं जेफरसनकडून घेतलं, हे सगळं त्यात आहे. योगायोग पाहा, त्याच १८७३ सालच्या जूनमध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या, निग्रो लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केली. महात्म्याला मॅडिसन हेमिंग्ज ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. पण जन्मावरून माणसाची जागा ठरवणारी व्यवस्था जगभर एकाच घडणीची असते हे त्यांनी पुण्यात बसून ओळखलं, त्याच वर्षी त्या व्यवस्थेत जन्मलेला एक सुतार ओहायोत आपली साक्ष देत होता. मला ही दोन पानं शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

मॅडिसनची साक्ष इतिहासकारांनी शंभरावर वर्षं बाजूला ठेवली. राजकीय विरोधकांनी पढवलेला माणूस, म्हातारपणीच्या बढाया, असं तिला म्हटलं गेलं. तीच सारी माहिती जेफरसनच्या गोऱ्या नातवंडांनी उलट बाजूनं सांगितली तेव्हा ती विश्वसनीय ठरली. बाप जेफरसन नव्हे, त्याचे कार आडनावाचे भाचे, हे त्यांचं म्हणणं ग्रंथांत शिरलं. १९९७ मध्ये अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी हा दुटप्पीपणा पुराव्यापुराव्यानं उघडा केला. त्या पेशानं कायद्याच्या प्राध्यापक. दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांना एकच कसोटी लावा, एवढाच त्यांचा आग्रह. पुढच्या वर्षी 'नेचर'मध्ये गुणसूत्रांच्या तपासणीचा निकाल आला: ईस्टनच्या पुरुषवंशातल्या वारसाचं वाय गुणसूत्र जेफरसन घराण्याच्या गुणसूत्राशी जुळलं, कार घराण्याशी जुळलं नाही. २००० साली मॉन्टिसेलो चालवणाऱ्या संस्थेनंही मान्यता दिली. गुणसूत्रानं पुरावा पक्का केला, हे खरं. पण तो पुरावा कागदात १८७० पासून पडून होता, हेही विसरू नये.

आपल्याकडे असा शोध जनगणनेतून करता येत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानं व्यक्तिगत नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, पुरावा म्हणूनही त्या चालत नाहीत. अमेरिकेत बहात्तर वर्षांनी तक्ते खुले होतात. १९५० चे एप्रिल २०२२ मध्ये झाले. आपली भिस्त कुलवृत्तान्तांवर आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर. त्यांत नोंद कोणाची आहे आणि दारापर्यंतही येऊ न दिलेल्या माणसांची कुठे आहे, हा विचार आपणही करायला हवा. तिकडेही सारं शाबूत नाही. १८९० च्या शिरगणतीचे बहुतेक तक्ते १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत जळाले किंवा आग विझवायच्या पाण्यानं खराब झाले.

राहिले बेव्हर्ली आणि हॅरिएट. दोघांनी गोऱ्यांमध्ये मिसळून जाणं पत्करलं. मॅडिसन सांगतो की हॅरिएटनं वॉशिंग्टन शहरातल्या एका चांगल्या स्थितीतल्या गोऱ्या माणसाशी लग्न केलं, तिला मुलंबाळं झाली, आणि ती मॉन्टिसेलोची हॅरिएट हेमिंग्ज आहे हे कधी उघड झाल्याचं आपल्या ऐकिवात नाही. त्या माणसाचं नाव मला माहीत आहे, पण सांगणं शहाणपणाचं नाही, असंही तो म्हणतो. १८०१ चा तिचा जन्म धरला तर १८३० च्या वॉशिंग्टनच्या तक्त्यात, डाव्या पानावर, कोणा पुरुषाच्या नावापुढे वीस ते तीस वयाच्या गोऱ्या स्त्रियांच्या रकान्यात ती असायला हवी. १८४० मध्ये पुढच्या रकान्यात. १८५० पर्यंत हयात असेल तर नावासह, पण नवऱ्याच्या आडनावानं आणि कदाचित खोट्या जन्मस्थानानं. कॅथरीन केरिसन या इतिहासकार बाईंनी तिच्यासाठी वॉशिंग्टनचे विवाहांचे आणि चर्चचे कागद चाळले, जुळणाऱ्या अनेक जोडप्यांची छाननी केली, आणि आपल्या २०१८ च्या पुस्तकात हॅरिएट सापडली नाही असं सरळ लिहून टाकलं.

अशा शोधाला माझा विरोध नाही. सापडली तर तिच्या वंशजांना आपल्या पणजीची खरी गोष्ट कळेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण तो शोध करणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की फॉसेटची मुलं तक्त्यांत हरवली ती लिलावामुळे, आणि हॅरिएट हरवली ती स्वतःच्या निर्णयानं. भावानं सगळं आयुष्य छापायला दिलं, बापाचं नाव दिलं, बहिणीच्या घरचं नाव मात्र पन्नास वर्षांनंतरही राखलं, कारण तिची मुलं त्या शहरात गोरी म्हणून जगत असतील आणि एका नावानं त्यांचं घर उघडं पडलं असतं.